म्हातारीवरचे पेडणेकर

पेडणेकर कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरायचे. शेगडीपाशी उभं राहून नाक वर करून हुंगायचे, बटणं चाचपायचे आणि मग बाहेर येऊन, "हां, आता बोला वहिनी," म्हणत खुर्चीत टेकायचे. दिल्लीतल्या द्वारकेच्या या सोसायटीत आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात ते असे आत शिरले, तेव्हा मी त्यांना गॅसवाला समजले आणि जुनी नळी अजून का बदलली नाही म्हणून हिंदीतून झापलं. माझी ती हिंदी! शेजारच्या पंजाबणी ती ऐकायला खास बाहेर यायच्या. पेडणेकरांनी सगळं मान खाली घालून ऐकलं, दुपारी नवी नळी आणून बसवली आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "आता चहा ठेवायला हरकत नाही."

ते नौदलात होते हे कळल्यावर मी आणखी एक दिवा लावला. तेव्हा मी पंचेचाळिशीची, म्हणजे पोरच, आणि अक्कल तर त्याहून लहान. नौदल म्हणजे पांढरा गणवेश आणि धडाडणाऱ्या तोफा, एवढंच माझं ज्ञान.

"मग भाऊजी, लढाईत तुम्ही किती तोफा डागल्या?"

"एकही नाही. मी तेलाच्या जहाजावर होतो."

"अय्या, म्हणजे समुद्रातला पेट्रोल पंप!"

त्यांच्या बायकोने, शालूताईंनी, बशीत तोंड लपवलं. पेडणेकर मात्र गंभीरपणे म्हणाले, "बरोबर. फक्त पंपाला कोणी बुडवायला येत नाही."

त्या जहाजाला ते 'म्हातारी' म्हणत. परदेशात बांधलेली, तिकडे उमेदीची वर्षं घालवून आपल्याकडे जुनी म्हणून विकत आलेली. चाल मंद, पोट प्रचंड. एकाहत्तरच्या लढाईत लढाऊ जहाजं पुढे जायची आणि म्हातारी मागे, समुद्राच्या एका ठरलेल्या तुकड्यात, दिवे मालवून येरझारा घालायची. तेल संपत आलं की ती जहाजं हिला शोधत यायची. मग दोन्ही जहाजं शेजारी शेजारी एकाच वेगाने चालायची, मधे जाड नळी आणि वर लाल बावटा. बावटा चढला की कोणी काडी ओढायची नाही. तेल देत असताना वळताही यायचं नाही की पळताही यायचं नाही.

"लढाई आम्ही पाहिलीच नाही, वहिनी," ते म्हणायचे. "जहाजं किती तहानलेली येतात, त्यावरून ओळखायची."

"आणि एखादं वेळेवर आलंच नाही तर?"

"नळी गुंडाळून ठेवायची. थांबायचं."

त्यांचं दुसरं पेटंट वाक्य होतं, "भरलेल्या टाकीला भिऊ नका, रिकामीला भ्या." भरलेल्या टाकीत तेल असतं, ते दिसतं. रिकाम्या टाकीत नुसता वायू साचतो, तो दिसत नाही आणि माणसाला दुसरा श्वास घेऊ देत नाही. मी हे इतक्यांदा ऐकलं होतं की तेलाचा रिकामा डबा त्यांच्यासमोर वाजवून म्हणायचे, "पळा भाऊजी, रिकामा आहे!" ते हसायचे, पण डबा हातातून काढून घ्यायचे आणि झाकण उघडून गॅलरीत ठेवून यायचे.

म्हातारीचा हा इतिहास ते आवडीने सांगत. लढाईपर्यंत सगळं बारकाईने यायचं. त्यानंतर मात्र एकदम, "मग काय, चालली आणखी काही वर्षं. शेवटी गुजरातेत किनाऱ्यावर नेऊन तोडली," एवढंच. मधे काहीतरी गाळलं जात होतं. मला वाटायचं, सांगण्यासारखं काही नसेल. भोचक बाई, नको तिथे चौकशा करणारी, आणि नेमकं तिथेच गप्प राहिले!

गेल्याच्या गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मी आणि पेडणेकर मदर डेअरीच्या दुकानातून भाजी घेऊन परत येत होतो. सोसायटीच्या मागे सांडपाण्याची टाकी आहे, तिचं झाकण उघडं होतं. मोटर अडकली म्हणून कमिटीने ठेकेदाराला सांगितलं होतं आणि त्याने दोघा भावांना पाठवलं होतं. ना दोर, ना मास्क. मोठा भाऊ आत उतरलेला. धाकटा, मुकेश, काठावर बसून हाका मारत होता.

"भैया! ओ भैया! बोल ना यार!"

आतून काहीच नाही. मुकेशने चप्पल भिरकावली आणि पाय आत सोडला. पेडणेकरांच्या हातातली पिशवी पडली. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे धरून जिना उतरणारा, पण त्यांनी मागून जाऊन त्याच्या कमरेला असा विळखा घातला की दोघेही सिमेंटवर आदळले.

"छोड़ो अंकल! मेरा भाई है नीचे!"

"नहीं जाना! नीचे हवा नहीं है! तू भी जाएगा!"

"छोड़ साले बुड्ढे!" मुकेशने लाथा झाडल्या, डोकं आपटलं आणि शेवटी पेडणेकरांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. रक्त आलं. विळखा सुटला नाही. मी गार्डच्या नावाने बोंबलत फाटकाकडे धावले. अग्निशमनवाले मास्क लावून उतरले, मोठ्याला वर काढलं. तो कधीच गेला होता. चेहऱ्यावर साधी जखमसुद्धा नव्हती.

तेव्हा कुठे पेडणेकरांनी हात सोडला. मुकेश त्यांच्या तोंडावर थुंकला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये कुजबुज सुरू झाली. "अंकल ने पकड़ के रखा, नहीं तो बचा लेता." कमिटीच्या तर हे पथ्यावरच पडलं, उघड्या झाकणावरून बोलणं म्हाताऱ्यावर गेलं. मी सेक्रेटरीच्या दारात उभं राहून जी तोफ डागली तिच्यात माझी हिंदी पहिल्यांदा कामी आली. परत येऊन फुशारकीने सांगितलं तर पेडणेकर म्हणाले, "बोलू द्या त्यांना. मीही हेच बोललो होतो."

शालूताई हळद घेऊन आल्या तशी त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे. खूण राहू दे." आणि तेव्हा त्यांनी म्हातारीच्या इतिहासातला गाळलेला भाग सांगितला.

लढाई चालू असतानाच म्हातारी रिकामी होऊन बंदरात आली होती. पुन्हा भरून लगेच निघायचं, म्हणून सगळ्यांची घाई. टाकीतला वायू काढायला पंखा लावला होता, पण इब्राहिम थांबला नाही. इब्राहिम त्यांचा दोस्त, रत्नागिरीकडचा, एका ताटात जेवणारा. "अरे, दोन मिन्टाचं काम," म्हणत तो शिडी उतरला आणि खाली बसला. नुसता बसला, झोप आल्यासारखा. पेडणेकर शिडीकडे धावले, तेव्हा त्यांच्या चीफसाहेबांनी त्यांना मागून आवळून धरलं.

"मी चावलो, वहिनी. मांस निघेपर्यंत चावलो. त्या माणसाने सोडलं नाही. इब्राहिम माझ्या डोळ्यांसमोर गेला."

त्यानंतर त्यांनी चीफसाहेबांना नियमाचा सलाम केला, पण एक शब्द बोलले नाहीत. म्हातारपणी कधीतरी मन वळलं, शोधत केरळात पोचले, तर भिंतीवर हार घातलेला फोटो. चीफच्या बायकोने सांगितलं, ते हातावरची खूण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे. म्हणायचे, ही ज्याची आहे तो पोरगा जिवंत आहे.

टाकीच्या त्या दिवसानंतर पेडणेकरांना एकच ध्यास लागला. मुकेशने एकदा भेटावं. "माफ नाही केलं तरी चालेल. फक्त माझ्यासारखा उशीर करू नये त्याने." ते नजफगडकडे त्याच्या खोलीवरही जाऊन आले. मुकेशने दार उघडलं, बघितलं आणि लावून घेतलं. मग दर रविवारी सकाळी फाटकाजवळच्या बाकावर बसायचे. मी विचारायचे, "आज तरी?" ते म्हणायचे, "थांबायचं, वहिनी. आम्हाला सवय आहे."

या थंडीत, दिल्लीच्या धुराने श्वास कोंडला तेव्हा, ते हॉस्पिटलातून परत आले नाहीत.

त्यांना खाली पार्किंगमध्ये ठेवलं होतं. मुकेश आला. गार्डने कळवलं असणार. बराच वेळ खांबाला टेकून उभा होता. उचलायच्या वेळी पेडणेकरांचा हात चादरीतून घसरून बाहेर आला, मनगटावर ती पांढुरकी, अर्धगोल खूण. कोणी काही करायच्या आत मुकेश पुढे झाला. तो हात त्याने उचलला, खुणेवर अंगठा ठेवला, तसाच उभा राहिला. मग हात चादरीत नीट सरकवला आणि कोणाकडे न बघता फाटकाबाहेर पडला.

त्याच्या वाटेत तो बाक होता. रविवारच होता.