ड्रोनची थरथर आणि बहिणीचं लग्न

फोटोग्राफरच्या घरच्या अल्बममध्ये फोटोग्राफर कधीच नसतो. परतूरला माझा स्टुडिओ आहे आणि आसपासच्या गावांतली लग्नं मी वर्षानुवर्षं टिपत आलो आहे. पण आमच्याच चुलतभावाच्या लग्नात मी हजर होतो याचा पुरावा एकच: नवरदेवाच्या गॉगलमध्ये पडलेलं कॅमेरावाल्याचं प्रतिबिंब. तेही निम्मंच.

माझ्या धाकट्या बहिणीला हे फार खटकायचं. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मला समोर बसवलं. साडी नको, दागिना नको, एकच गोष्ट मागितली.

"दादा, माझ्या लग्नात तू कॅमेऱ्याच्या मागं न्हाई, माझ्या मागं उभा राहायचं. अक्षता पडताना मला व्हिडिओत तू पाहिजे."

"मंग शूटिंग कोन करंल? तुझी सासू?"

"तुझं ते विमान हाय ना? त्याला वर टांग अन् तू खाली ये."

विमान म्हणजे माझा ड्रोन. आकाशात एका जागी उभा केला की तो हलत नाही, रेकॉर्डिंग चालू राहतं, हे तिला माझ्याच बढायांमधून कळलेलं. मी ऐटीत हो म्हणालो. खालचे फोटो काढायला माझा जोडीदार होता, पण वरचं चित्र दुसऱ्या कुणाकडून घेणं माझ्या अभिमानाला झेपणारं नव्हतं.

लग्नाला चार दिवस उरले असताना मी आष्टीकडच्या एका लग्नाचं शूटिंग कॉम्प्युटरवर लावलं. सगळं चित्र थरथरत होतं. मांडव, घोडा, वधूपिता, सगळे चुलीवरच्या भातासारखे खदखदत होते. दोष गिम्बलचा होता. गिम्बल म्हणजे ड्रोनच्या नाकाखाली कॅमेरा तोलून धरणारा छोटासा हात. ड्रोन वाऱ्यानं कितीही डुलला तरी हा हात कॅमेरा सरळ ठेवतो. तो चार बारक्या रबरी गोळ्यांवर टांगलेला असतो आणि पंख्यांची थरथर त्या गोळ्यांतच जिरते. माझ्या ड्रोनमध्ये ती काही जिरत नव्हती.

जालन्याच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, हे पुण्याला पाठवावं लागंल. धा-बारा दिवस धरून चला."

"अहो, चार दिवसांवर बहिणीचं लग्न आलंय."

"मंग तारीख थोडी पुढं सरकती का पाहा की." हे त्यानं अगदी मनापासून सुचवलं. मी फोन ठेवला, नाहीतर तोंडून काय गेलं असतं सांगता येत नाही.

मग मीच कंबर कसली. आधी सेटिंगमधून गिम्बल नव्यानं जुळवायचा होता. त्यासाठी ड्रोन सपाट जागी ठेवावा लागतो. आमच्या घरात सपाट जागा कुठली, हे शोधायला मी चमचाभर पाणी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. बैठकीत पाणी दाराकडे पळालं, स्वयंपाकघरात मोरीकडे. शेवटी देवघरापुढच्या फरशीवर ते जागच्या जागी थांबलं. तिथं ड्रोन ठेवून मी तीनदा जुळवणी केली आणि तिन्ही वेळा उडवून पाहिलं. थरथर तशीच. बहीण दारातून म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी तिच्यावर खेकसलो. चार दिवसांनी सासरी जाणाऱ्या पोरीवर खेकसू नये एवढं मला कळतं, पण माझा पारा असाच, आधी चढतो आणि मग मला विचारतो.

आईनं आपला उपाय केला. आष्टीकडच्या लग्नात शंभर जणांनी मान वर करून पाहिलं होतं, म्हणजे दृष्ट लागली, हे तिच्या मते बिलकुल साफ होतं. तिनं मीठ-मोहऱ्या ड्रोनवरून उतरवून टाकल्या. खोटं कशाला बोलू, त्यानंतर मी गुपचूप एकदा उडवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी जालन्याला जाऊन त्याच दुरुस्तीवाल्याकडून रबरी गोळ्या घेऊन आलो. मेंदीच्या दिवशी दुपारी घरात बायकांचा नुसता कल्ला चालला होता, म्हणून मी ओसरीवर पांढरा रुमाल अंथरून बसलो. स्क्रू काढले. पुढच्या दोन गोळ्या चिरलेल्या वाटल्या, त्या बदलल्या. एक गोळी भोकात बसवायला मला अर्धा तास लागला. ती बसेपर्यंत मी गोळी बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली. गिम्बल पुन्हा बसवला, अंगणात उडवला. थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. मी ड्रोन खाली घेतला, तो परत उघडला आणि डोक्याला हात लावून बसलो. खरं सांगतो, मला रडू येत होतं. एवढ्या लग्नांमध्ये लोकांच्या बहिणी टिपल्या आणि माझ्या एकुलत्या एका बहिणीनं मागितलेली एकुलती एक गोष्ट माझ्याकडून होत नव्हती.

तेवढ्यात ती आली. कोपरापर्यंत ओली मेंदी, दोन्ही हात समोर अधांतरी धरलेले. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. हात लावता येत नव्हता, म्हणून नुसती वाकून पाहू लागली.

"हे मागं पिवळं काय हाय?"

"ते कंपनीचं रबर आहे. त्याला हात नको लावू."

"मी कुठं हात लावून राह्यले? पण मंग दुसऱ्या बाजूला कामून न्हाई?"

मी पाहिलं. दुसऱ्या बाजूला खरंच नव्हतं. ज्या दोन पट्ट्यांच्या मध्ये त्या गोळ्या असतात, त्यांच्या मागच्या फटीत ते पिवळं घट्ट बसलं होतं. दुरुस्तीच्या पहिल्या दिवसापासून मी ते पाहत होतो, कंपनीनंच बसवलेला भाग समजून सांभाळत होतो. गोळ्या बदलताना तर त्याला धक्का लागू नये म्हणून श्वाससुद्धा रोखला होता. आता चिमट्यानं धरून ओढलं. टुणकन रुमालावर पडलं.

"ज्वारी हाय की रे!" ती इतकी हसली की मेंदी सांभाळायची पंचाईत झाली.

हळदीत माखलेला, टपोरा ज्वारीचा दाणा. आमच्याकडे अक्षतांना ज्वारी चालते आणि आष्टीकडच्या त्या लग्नात मी अक्षतांचा पाऊस जवळून दिसावा म्हणून ड्रोन डोक्यांच्या अगदी वर आणला होता. वऱ्हाडाला नवरा-नवरी दिसेनात, समोर ड्रोन दिसला. 'शुभमंगल सावधान' झालं की जो तो त्याच्यावरच अक्षता टाकायला लागला. माझा ड्रोन बराबर विधिवत बोहल्यावर चढला होता. त्यातलाच हा एक दाणा फटीत जाऊन पाचरीसारखा बसला आणि पंख्यांची सगळी थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवत राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

पुन्हा उडवला. फोनच्या पडद्यावर आमचं पत्र्याचं छप्पर, वाळत घातलेल्या साड्या, लिंबाचं झाड, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं स्थिर. मी तिला उचलूनच घेणार होतो, मेंदीनं वाचली.

लग्नात मात्र मी शहाणा झालो होतो. कुणाच्या अक्षता पोचणार नाहीत एवढ्या उंचीवर, स्टेजच्या जरासा पुढं ड्रोन उभा केला, कॅमेरा खाली वळवला, रेकॉर्डिंग लावलं आणि रिमोट गळ्यातल्या पट्ट्याला तसाच लोंबकळत ठेवून पळत स्टेजवर गेलो. डोक्याला फेटा, गळ्यात रिमोट. बहिणीच्या मागं मामा उभे होते, त्यांना खेटून मी. तिनं मान किंचित वळवून मी आलोय ना हे पाहून घेतलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला हातांचं काय करावं तेच कळेना. कॅमेरा नसला की माझे हात असे पोरके होतात.

ती सासरी गेली. आठवड्यानं मी व्हिडिओ पाठवला आणि संध्याकाळी तिचा फोन आला. तिला हसू आवरत नव्हतं.

"दादा, अरे एकदा तरी खाली पाह्यचं! सगळी मंगलाष्टकं तू वरच बघून राह्यलास."

मी व्हिडिओ पुन्हा लावला. खरंच होतं. सगळं वऱ्हाड अक्षता टाकतंय आणि फेट्यातला एकच माणूस तोंड वर करून आकाशाकडे पाहतोय. ड्रोन हलतो की काय या धास्तीनं मी बहिणीचं लग्नच पाहिलं नव्हतं. मी खजील झालो. म्हणालो, "चुकलं गं माझं. एवढं सांगितल्तं तू, अन् मी..."

"चुकलं काय त्यात?" ती म्हणाली. "इतक्या वरून नवऱ्याचा फेटा दिसतो, माझा पदर दिसतो, मामांचं टक्कल दिसतं. पूर्ण लग्नात तोंड दिसतं ते फक्त तुझं."