नवऱ्याची सही न मागणारी शकीला आपा

मी गर्भपात केला होता.

हे जिच्यापाशी बोलता यायचं अशी एकच बाई होती. काल ती गेली.

शकीला आपा. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. पांढरकवड्याच्या एका मोटर मेकॅनिकची लेक.

२००६. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव. कापसाची वाईट वर्षं.

थोरली अडीच वर्षांची, धाकटी दहा महिन्यांची. तांबी बसवली होती, तरी दिवस गेले. अंगात रक्त इतकं कमी की वेचता वेचता कापसातच बसून जायची.

नवरा जिनिंग कारखान्याच्या ट्रकवर. आठ-आठ दिवस बाहेर. घरी सासूबाईंचं एकच, "या खेपेला पोरगाच पाह्यजे."

त्या वर्षी कर्जापायी गावोगावी तरण्या माणसांची प्रेतं निघत होती. त्यात माझं दुःख कोणाला सांगायचं? सांगण्याएवढं ते मोठं वाटायचंच नाही.

धाकटीला कडेवर घेतलं आणि एकटीच एसटीनं दवाखान्यात गेले.

डॉक्टर म्हणाले, "नवऱ्याला घेऊन ये. त्याची सही लागेल."

मी उठले. दारापर्यंत पोचलेही होते.

"थांब वो बाई," आपा म्हणाल्या. कपाटातून फॉर्म काढून डॉक्टरांसमोर ठेवला. "सर, ही सज्ञान आहे. मत तुमचं लागते, सही हिची लागते. नवऱ्याच्या सहीले या कागदावर जागाच नाही."

"मागून भांडणं येतात, सिस्टर."

"आले तर मी पाहीन ना. कायदा एकाहत्तरचा आहे सर. माझ्या नोकरीहून जुना."

मग मला बाजूला नेलं. "कोणाची जबरदस्ती तर नाही ना? तुले सोताले काय पाह्यजे?"

तसं मला कोणी विचारायचंच नाही ना.

आपांनी धाकटीला माझ्या कडेवरून घेतलं. घाई केली नाही.

मी सही केली. डॉक्टरांनीही केली. आपांनी तो कागद लिफाफ्यात घातला, चिकटवला आणि वर लिहिलं, 'गुप्त'. सगळं होईपर्यंत धाकटी त्यांच्याच मांडीवर झोपली होती.

तिसऱ्या दिवशी मी परत वेचणीला. शेजारच्या ओळीत चुलत जाऊ बडबडत होती. मी हो हो करत होते.

महिन्याभरानं घरी कळलं. पूर्ण नाही, अर्धवट. गावातल्या कोणीतरी मला दवाखान्यात पाहिलं होतं.

माझे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणाले, "चला, रजिस्टरच पाहू."

दवाखान्यात नवरा, भासरे आणि मागे मी.

"ही इथं आलती का नाही, एवढंच सांगा," भासऱ्यांनी विचारलं.

आपांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "इथं कोण आलतं, कोण नाही, मी कोणालेच सांगत नाही."

"आमच्या घरची बाई आहे. आमचा हक्क आहे."

"रजिस्टर पाहाचं असन तर कोर्टाचा कागद आणा. अन उद्या तुमची बायको आली ना भाऊ, तर तिचंबी तुम्हाले सांगणार नाही."

भासरे नंतर गावात आपांबद्दल आणि त्यांच्या धर्माबद्दल जे बोलले ते इथं लिहिणार नाही. पुढाऱ्याकडे तक्रार गेली. काही दिवसांत आपांची बदली झाली, पार आडवळणाच्या आरोग्य केंद्रात.

मी गप्प राहिले.

बोलले असते तर त्यांनी जे राखलं तेच उघडं पडलं असतं, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे मी भ्यायले होते.

अकरा वर्षं त्यांना तोंड दाखवलं नाही.

मग २०१७ चा ऑगस्ट. पेपरात बातमी आली, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. मूल होऊ द्यायचं की नाही, हाही बाईच्या खासगीपणातलाच निर्णय, असंही त्यात होतं.

कात्रण घेऊन मी पांढरकवड्याला गेले. आपा रिटायर झाल्या होत्या. दार उघडलं आणि लगेच ओळखलं.

"धाकटी कशी आहे तुही?"

मला रडूच आलं. "आपा, माह्यामुळे तुमची बदली झाली."

"तुह्यामुळे कायले? ज्यानं केली त्याच्यामुळे झाली."

चष्मा लावून त्यांनी अख्खी बातमी वाचली.

"नऊ जज बसले होय याच्यासाठी?" हसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. पण इकडं दवाखान्यात अजून सही मागूनच राह्यले असतील पाह्य."

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी मी फोन करायची. त्या दिवसाबद्दल बोलायची, कधी चार वाक्यं, कधी एकच. त्या ऐकायच्या. पश्चात्ताप नव्हता मला. पण आठवण होती, आणि ती एकटीनं वागवणं जड जातं.

आज सकाळी निघताना नवऱ्याला सगळं सांगितलं. अठरा वर्षांनी. रजिस्टर पाहायला तुम्ही ज्यांच्याकडे गेलता, त्यांच्याच घरी चालले, म्हटलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि उठून बाहेर गेले. अजून फोन नाही.

आपांच्या घरी बायका बसल्या होत्या. मला कोणीच ओळखत नव्हतं. सुनेनं विचारलं, "आप कौन?"

"पेशंट," मी म्हटलं.

"अम्मी पेशंटचं घरात कधीच काही बोलल्या नाहीत," ती म्हणाली. जणू माफी मागत होती.

मी तिला माझं नाव सांगितलं. गावही सांगितलं. आणि कशासाठी गेले होते, तेही. तिनं सरकून जागा दिली.

आता परतीच्या एसटीत बसून हे मोबाइलवर लिहितेय, सगळ्यांना दिसेल असं. पोरी वाचतील, भासरे वाचतील, गाव वाचेल.

आपा, तुम्ही कोणाला सांगितलं नाही. सांगायचं की नाही हे माझ्यावर सोडलं. आज मी ठरवलं.

पुढच्या महिन्यात फोन कोणाला करू, ते मात्र कळत नाही.

अल्लाच्या घरी सुखात राहा. तुमच्या एका पेशंटचा शेवटचा सलाम.