दवाखान्याचा बोजारा

आमच्या गावात कर्करोग तपासणीचं शिबिर भरलं ते ऐन रोवणीत. मूल तालुक्यातल्या धानाच्या गावात रोवणीच्या दिवसांत बायका घरी सापडतील असं ज्या साहेबाला वाटलं, त्याला एकदा भाताच्या बांधीत उतरवायला हवं. सगळ्या बायका चिखलात वाकलेल्या आणि इकडे ग्रामपंचायतीसमोर खुर्च्यांची आरास. गाडीवरचा भोंगा सकाळपासून कोकलत होता, कर्करोगाची लक्षणं असलेल्या महिलांनी न लाजता पुढे यावं. वा! म्हणजे जी पुढे येईल तिला रोग आहे, हे साऱ्या गावाला कळवण्याचीही सोय झाली.

पाहुणे तंबाखूच्या दुष्परिणामांवर बोलले. गालात खर्रा होता, म्हणून हनुवटी वर धरून बोलले. बायकांची तपासणी आतल्या खोलीत. खिडकीला पल्ले नाहीत, मधे सतरंजी टांगलेली आणि तिच्यामागे एक तरुण डॉक्टर, तो बिचारा आमच्याहून जास्त लाजलेला. मी अंगणवाडी चालवते, तेव्हा गर्दी दिसावी म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. सतरंजीमागे एकही बाई गेली नाही. मंडळी जेवून निघाली तेव्हा एक साहेब मला म्हणाले, "ग्रामीण महिलांमध्ये जागृतीच नाही हो." जागृत बायका त्या वेळी साहेबांच्याच पुढच्या वर्षीच्या भाताची सोय करत होत्या.

मला हे सगळं झोंबलं याला कारण होतं. माझ्या मोठ्या जावेच्या छातीत गाठ होती. अंगणवाडी सुटली की मीही रोवायला जाते. शेतातून आल्यावर आम्ही एकमेकींची पाठ घासून देतो, तेव्हा एकदा माझा हात पुढे गेला आणि तिने तो झटकला. त्या दिवसापासून मी तिच्या मागे लागले होते.

"मले काई झालं नाई," ती म्हणायची. "अन् एकटी दवाखान्यात गेली का गावभर होते. पोरीचं लगन जुडून राह्यलं, तुले समजत नाई काय?"

शिवाय गुत्ता होताच. आमच्याकडे बायकांची टोळी मिळून शेत रोवायला घेते आणि मिळून संपवते. एक जण गळाली की तिच्या वाटचं काम बाकीच्यांच्या कमरेवर. त्यामुळे ताप असो की पोटदुखी, बाई बांधीत उतरतेच. मला जावेचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

रोवणी संपत आली तशी बायकांत बोजाऱ्याची चर्चा सुरू झाली. रोपांची शेवटची पेंडी लागली की टोळीने मालकाला बांधावर अडवायचं, चिखल फासायची धमकी द्यायची आणि कोंबड्याचं जेवण वसूल करायचं, हा आमचा बोजारा. टोळीची म्होरकी म्हणजे नुसता तोंडाचा पट्टा. मी तिला गाठून, जावेचा विषय न काढता म्हटलं, "बाई, यंदा मालकाला ट्रॅक्टर मागू. सगळ्याच मूलच्या दवाखान्यात जाऊन तपासून येऊ. तिथं बाई डॉक्टर आहे." तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मी बोलतो."

आणि बोललीही. चिखलाचे हात पुढे करून म्हणाली, "भाऊ, यंदा कोंबडा नाई पायजे. टॅक्टर दे. आमी सगळ्याजनी मूलले जाऊन छाती तपासून येतो."

मालकाने जन्मात इतक्या तातडीने काही दिलं नसेल. तो शब्द पुन्हा ऐकावा लागू नये म्हणून गडी चालवायलाही दिला. गावात कुणी काही बोललं नाही. बोजाऱ्याला गेलेल्या बायकांबद्दल बोलायचं काय?

दवाखान्यात म्होरकी दाराशी उभी राहिली आणि एकेकीला आत ढकलू लागली. "जा वं, तुले का खाते का ते?" जाऊ आत गेली, बाहेर आली. चंद्रपूरला सुईने तपासावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं.

परतताना मूलच्या भाताच्या गिरण्या मागे पडल्या आणि ती, इतके दिवस माझे हात झटकणारी, भर ट्रॉलीत म्हणाली, "माह्या छातीत गाठ हाये. चंदरपूरले जा लागते."

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोण सोबत जाईल, कोण घरी भात टाकेल.

"मले बी हाये," म्होरकी म्हणाली.

"मग डॉक्टरीणबाई काय म्हणाली?"

"मी आत गेलीच नाई."

माझं टाळकं सरकलं. "मग दारात काय तोरण म्हणून लटकली होतीस?"

तिने तोंडाला पदर लावला. टोळीच्या इतक्या रोवण्यांत आम्ही तिला रडताना पाहिलं नव्हतं. गड्याने मागे वळून पाहिलं आणि पुढच्या मोकळ्या जागेत ट्रॅक्टर परत मूलकडे वळवला.

माझ्या जावेची गाठ साधी निघाली. म्होरकीची नाही, पण अजून काढता येण्यासारखी होती.