बिनमिठाचं पाणी

घाटंजीच्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचो. दरवर्षी वर्गात एक वाक्य हमखास यायचं: "आपले पूर्वज समुद्रातून बाहेर आले, पण येताना समुद्र रक्तात भरून घेऊन आले." मुलं हसायची. समुद्र कुणी पाहिलेला नसायचा.

एकदा कॉलेजच्या तपासणीला बाहेरचे लोक आले होते. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब मिठाच्या पाण्यात सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकातून तांबड्या पेशी दाखवायच्या, एवढाच प्रयोग. पाहुण्यांनी डोळा लावला तर काचपट्टीवर एकही पेशी धड नाही. सगळ्या फुटलेल्या. पेशीच्या आत क्षार असतात. बाहेर नुसतं डिस्टिल्ड पाणी असलं की ते आत शिरत राहतं आणि पेशी फुगून फुटते. पाण्यावाचून जीव नाही, पण इतकं शुद्ध पाणी त्याला सोसत नाही.

मिठाच्या पाण्याची बाटली मी भरली होती. मीठ घालायचं मीच विसरलो होतो.

"अटेंडंटनं चुकीची बाटली दिली," मी म्हणालो.

अटेंडंट शेजारीच उभा होता. जवळच्या तांड्यावरचा, माझ्याच वयाचा. त्यानं बाटली उचलली आणि धुवायला नेली. आठवड्याभरात त्याला लॅबमधून काढून गेटवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. मी रोज त्याच्यासमोरून आत जायचो.

बायको गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. जुनं सगळं मोठ्यानं ऐकू येतं. गेल्या महिन्यात तांड्यावर त्याच्या घरी गेलो.

त्यानं सुनेकडून पाणी मागवलं. म्हणाला, "घ्या सर, बोअरचं आहे. याच्यात मीठ टाकाची गरज नाही."

पेला माझ्या हातातच राहिला. "भाऊ, तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाटली धुताना चाखून पाह्यलतं. फिकं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलान म्हणून वाट पाहून राह्यलो होतो." दाराशी उभ्या सुनेकडे त्यानं बोट केलं. "आता इले सांगा. घरच्यायले वाटते, म्याच काई गडबड केलती."

मी तिला सांगू लागलो. वर्गात सांगायचो तसंच, आधी पेशी, मग क्षार, मग पाणी. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"म्हंजे चूक तुमची होती, सर?"

"हो," मी म्हणालो. "आणि खोटंही मीच बोललो."

तिनं सासऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. मी पाणी संपवलं. खरंच खारट होतं.