बटव्यातली चटणी

मी उद्योजिका झाले ती गुडघ्यामुळे.

डॉक्टरांनी जिने चढायचे नाहीत, फार हिंडायचं नाही असं बजावलं, आणि मी दिवाणावर बसून घरातल्या सगळ्यांना सूचना द्यायला लागले. घर लवकरच कंटाळलं. तेव्हा आमच्या सूनबाईनं, पल्लवीनं, माझ्या हातात मोबाइल ठेवला. ती मिहानमधल्या एका कंपनीत आहे. तिथे म्हणे नोकरदारांना मोठमोठ्या उद्योगपतींची भाषणं ऐकवतात.

"आई, ही ऐका. छान वेळ जाईल." (माझा जाईल की तिचा वाचेल, ते तिनं सांगितलं नाही.)

मी एकामागून एक भाषणं ऐकली. सगळ्यांची सुरुवात सारखीच, की आमच्याजवळ सुरुवातीला काहीच नव्हतं. माझ्याजवळ निदान जवसाची चटणी होती. माझ्या हातची ती चांगली होते, हे माझ्याशी न बोलणाऱ्या बायाही कबूल करतात. बोलत नाहीत, पण चटणीसाठी रिकामा डबा पाठवतात.

आता धंदा म्हटलं की जागा पाहिजे. जवस भाजायचे, कुटायचे, पोतं ठेवायचं, हे काय स्वयंपाकघरात होतं? मी समोरच्या खोलीत गेले. रिटायर झाल्यापासून ती खोली ह्यांची आणि ह्यांच्या मित्रांची. मध्ये कॅरम, भोवती चार खुर्च्या, आणि दुपारभर पावडरचा धुरळा.

"ही खोली मले पाहिजे," मी म्हटलं.

"काहून?" ह्यांनी सोंगटीवरची नजर काढली नाही.

"कारखान्यासाठी."

"आधी ऑर्डर तर आण वं. रथसप्तमीपर्यंत बाहेरच्या कोणाची एक जरी पक्की ऑर्डर आली, तर खोली तुझी. नाही आली, तर पुन्हा या खोलीचं नाव काढायचं नाही."

मित्रांनी साक्षीदार म्हणून माना हलवल्या. पंच म्हणून पल्लवीला नेमलं.

संक्रांत तोंडावर होती. एक उद्योगपती सांगून गेले होते की माल आधी फुकट गिऱ्हाइकाच्या हातात द्या. मला तर लुटायला आयतंच वाण मिळालं! दुसरे म्हणाले, वेष्टण असं करा की नजर हटू नये. म्हणून मी इतवारीच्या बाजारातून रेशमी बटवे आणले, सोनेरी काठाचे, नाडीला मोती लावलेले. तिसरे म्हणाले, गिऱ्हाइकाची उत्सुकता ताणून धरा. म्हणून बटव्यावर काहीच लिहिलं नाही. नाव आणि फोन नंबर आत, चटणीच्या पुडीवर.

हे बटवा उलटासुलटा करून पाहत होते. "आत चटणी आहे, हे त्याहिले समजन कसं?"

"उत्सुकता वाटन ना. म्हणून उघडतील."

"मले तर काही वाटून नाही राहिली."

"तुम्ही गिऱ्हाईक नाही."

हळदीकुंकू थाटात झालं. बाया बटव्यावरून हात फिरवत घरी गेल्या आणि मी फोनपाशी बसले. फोन वाजला की माझं आपलं सुरू, "बोला, किती किलो?" गॅसवाल्याला विचारलं, भाच्याला विचारलं. एकदा पल्लवीच्या साहेबांनाही विचारलं. ते बिचारे म्हणाले, "सॉरी, नंतर करतो."

चटणीसाठी फोन मात्र आला नाही. स्वतःहून कुणाला विचारावं, तर चौथ्या भाषणात सांगितलं होतं की गिऱ्हाइकाच्या मागे धावू नका. (गुडघा तसाही धावू देत नव्हता.)

मग मी इतरांच्या हळदीकुंकवाला जायला लागले. जरीपटक्याला माझी मैत्रीण सुलभा राहते. तिनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि हातावर वाण ठेवलं. सोनेरी काठाचा बटवा. नाडीला मोती. घरी येऊन सोडून पाहिला, तर माझीच पुडी, माझाच नंबर. शेजारच्या गल्लीतून आणखी एक आला. तिसरा तर अशा बाईकडून आला, जिला मी दिलाच नव्हता.

"तुझा माल दौऱ्यावर आहे," हे म्हणाले.

मला रागही येईना. इतकं सुंदर वाण उघडतं कोण? कपाटात ठेवायचं आणि कमी पडलं की पुढच्या बाईला द्यायचं. मी तरी आजवर दुसरं काय केलं होतं?

रथसप्तमी उजाडली. शेवटचं हळदीकुंकू आमच्या विहीणबाईंकडे, म्हणजे लेकीच्या सासरी. खोली बायांनी भरलेली. विहीणबाईंनी माझी ओटी भरली आणि हसून वाण दिलं. बटवाच. कारखान्याची खोली हातची जायची वेळ आली होती, त्यामुळे माझा तोल गेला. भाषणं ऐकून ऐकून उभं कसं राहायचं ते आलंच होतं. मी उभी राहिले.

"बायांनो, वाण उघडून पाहत जा. यात काय आहे माहीत आहे? हे पाहा." आणि सगळ्यांसमोर बटवा पालथा केला.

आतून एक कंगवा आणि टिकल्यांचं पाकीट पडलं.

माझी लेक पंख्याकडे पाहू लागली.

"यात जवसाची चटणी होती," मी हळूच म्हटलं.

"होती ना जी," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्या जावयानं त्याच दिवशी पोळीसंगं संपवली. बोटं चाटून राहिला होता."

"मग फोन काहून नाही केला जी?"

"अन् काय म्हणू? सुनेच्या माहेरची चटणी विकत मागू? लोक काय म्हणतील मले?"

यावर कुठल्याच उद्योगपतीनं काही सांगून ठेवलं नव्हतं. मी कंगवा उचलायला वाकले, तेवढ्यात कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, "काकू, हा बटवा कुठून घेतला जी? माझ्या पोरीचं लग्न आहे, अशे शंभर पाहिजे."

दुसरी म्हणाली, "मलेही सांगजा."

मी भानावर आले. इतवारीचं नाव न घेता म्हटलं, "माझ्याकडेच मिळतात."

घरी वाद झाला. हे म्हणाले, ऑर्डर चटणीची ठरली होती. मी म्हटलं, पैज फक्त ऑर्डरची होती. साक्षीदारांना काहीच आठवेना. पल्लवीनं दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाली, "गिऱ्हाइकाला जे पाहिजे ते आई विकत आहेत. खोली आईंची."

ह्यांनी निमूटपणे खोली माझ्या नावावर केली. म्हणजे, तोंडी.

आता अडचण एवढीच, की बटव्यांना भाजावं लागत नाही, कुटावं लागत नाही. शंभर बटवे पलंगाखालच्या सुटकेसमध्ये मावतात आणि वर चार साड्या राहतात. माझ्या कारखान्यात ठेवायला माझ्याजवळ काहीच नाही. त्यामुळे कॅरम आहे तिथेच आहे, आणि मित्रही वेळेवर येतात. चहाही मीच करते. आधी घरची बाई म्हणून करत होते, आता जागेची मालकीण म्हणून करते.