काच फोडल्याबद्दल खुलासा

हजेरीपटात ती 'शिपाई (स्त्री)' होती, बाकी साऱ्या शाळेची मावशी. कुणाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, कुणाला धावल्यावर धाप लागते, हे बावीस वर्षांत तिला तोंडपाठ झालं होतं. तसं तिला कुणी विचारलं मात्र नव्हतं.

त्या वर्षी दुसरीत एक मुलगी आली. तिला शेंगदाण्याची अॅलर्जी होती. तिची आई डॉक्टरांचं पत्र आणि पेनासारखं इंजेक्शन घेऊन मुख्याध्यापकांकडे गेली.

सर म्हणाले, "आम्ही मुलांना सगळं खायची सवय लावतो, ताई."

"सर, हा सवयीचा प्रश्न नाही. तिचा श्वास बंद पडू शकतो."

सरांनी प्रकरण फारच गांभीर्याने घेतलं, म्हणजे सात जणांची समिती नेमली आणि अध्यक्षपद स्वतःकडे ठेवलं. इंजेक्शन सुरक्षित राहावं म्हणून ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, क्रीडास्पर्धेच्या ढालींशेजारी, कुलपात गेलं. किल्ली हेडक्लार्कच्या खिशात.

आईला ते काही पटलं नाही. जाताना ती फाटकाजवळ मावशीपाशी थांबली आणि तिला सरावाचं, बिनसुईचं पेन दिलं. "आधी टोपण काढायचं. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरून चालतं. दाबून धरायचं नि दहा मोजायचे."

मावशीने घरी उशीवर सराव केला. नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढून विचारलं, "उशीला काय झालंय?"

समितीच्या तीन बैठका फलकाच्या रंगावर झाल्या. अखेर 'अॅलर्जी जागरूकता दिन' ठरला. बिल्ले आले, पाहुणे आले. लांबलचक भाषणात मुलं गप्प बसावीत म्हणून त्यांना आधीच बिस्किटं वाटली. पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत शेंगदाणा लिहिला होता; पण खाऊ हा विषय समितीच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. मावशी तेव्हा पाहुण्यांचा चहा आणायला गेली होती.

ती ट्रे घेऊन सभागृहात शिरली तर मुलगी मान खाजवत होती. ओठ सुजले होते. "मावशी, घसा आवळतोय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

वर्गशिक्षिका कुजबुजल्या, "श्शू! पाहुणे बोलताहेत."

मावशीने ट्रे तिथेच बाईंच्या मांडीवर ठेवला. "अँब्युलन्सला फोन लावा, आत्ता!" म्हणत ती ऑफिसकडे धावली. हेडक्लार्क पाहुण्यांचा पुष्पगुच्छ आणायला बाहेर गेला होता, किल्लीसकट. तिच्यामागे आलेले सर दारातून म्हणाले, "मावशी, थांबा, परवानगी..."

मावशीने टेबलावरचं लोखंडी पंचिंग मशीन उचललं आणि काचेवर हाणलं.

इंजेक्शन घेऊन सभागृहात परत येताच तिने मुलीला जमिनीवर आडवं केलं, पाय बिल्ल्यांच्या खोक्यावर ठेवले, इंजेक्शन मांडीत दाबलं आणि मोठ्याने दहा मोजले. पाहुणे मात्र भाषणाचा कागद धरून उभेच होते. अँब्युलन्स येईपर्यंत मुलीचा श्वास जरा मोकळा झाला. एक रात्र दवाखान्यात देखरेखीखाली काढून ती घरी गेली.

सोमवारी मावशीला नोटीस मिळाली: शालेय मालमत्तेच्या नुकसानीबाबत लेखी खुलासा करावा.

तिने वहीचं पान फाडून लिहिलं, 'काच मी फोडली. किल्ली नव्हती, पोर होती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोडीन.'

समितीला भाषा उद्धट वाटली. आपल्या अहवालात समितीने 'समितीच्या तत्परतेमुळे अनर्थ टळला' असंही लिहून टाकलं. पण मुलीची आई तो अहवाल वाचून शाळेत आली. ती सरांच्या केबिनमध्ये अर्धा तास होती; आत काय झालं ते दाराबाहेर बसलेल्या हेडक्लार्कने कधी सांगितलं नाही. नोटीस मागे घेतली गेली. नवं इंजेक्शन दुसरीच्या वर्गात, बाईंच्या हाताशी, बिनकुलपाच्या डब्यात आलं.

मधल्या सुट्टीत एकेक शिक्षिका मावशीकडे शिकायला येऊ लागली. शेवटी सर आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "कुठं टोचायचं म्हणालात?"

मावशीने त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. पहिल्या दोन वेळा त्यांनी टोपणच काढलं नव्हतं.