नूकराजूचे वण

सिकंदराबादच्या कॉम्प्युटर बाजारात नूकराजू आला होता तो खोकी धरायला. जावयाला, फणींद्रला, टीव्हीखाली ठेवायला सिनेमे दाखवणारा कॉम्प्युटर जुळवून घ्यायचा होता. दुकानदार साजिदने दोन ग्राफिक्स कार्डं समोर ठेवली. एक तळहाताएवढं, बिनपंख्याचं. दुसरं विटेसारखं जाड.

"घरी सिनेमेच बघणार, तर छोटं घ्या. आवाज नाही, कॉम्प्युटरच्या चपट्या डब्यात बसतं."

"मग हे मोठं कशाला काढलंत?"

"जुन्या सिनेमांचे शौकीन मागतात. मळकी प्रिंट धुऊन काढतं."

साजिदने एक जुनं गाणं लावून दाखवलं. धुकं सरावं तशी नायिकेची कर्णफुलं उजळली, मागच्या भिंतीचे पोपडेसुद्धा दिसू लागले. नूकराजू खोकं खाली ठेवून पुढे आला.

"मागे उभी असतात ती माणसंही दिसतील?"

"सगळी दिसतील, चाचा."

आंध्रातल्या तुनी गावाहून पळून आलेल्या नूकराजूने तरुणपण हैदराबादेत, सिनेमावाल्यांच्या कृष्णानगरच्या चौकात उभं राहून घालवलं होतं. एजंट यायचा, गर्दीसाठी माणसं उचलायचा. लहानपणी देवी येऊन गेल्यामुळे नूकराजूचा चेहरा वणांनी भरलेला. "याला रंग फासायला नको, तयार गुंड आहे," एजंट म्हणायचा. त्या वणांवर घर चाललं, लेक कल्याणी शिकली. पण अशा माणसांची नावं पडद्यावर येत नाहीत. एका सिनेमात मात्र नायकाने त्याची कॉलर धरली होती आणि कॅमेरा अगदी जवळ आला होता. टीव्हीवर तो सिनेमा लागे तेव्हा प्रिंट इतकी विटकी असे, की त्याच्या जागी तपकिरी डाग दिसे.

"आमचे मावय्या सिनेमात होते," फणींद्र सासऱ्याबद्दल पाहुण्यांना सांगायचा. "कुठल्या ते विचारू नका, त्यांनाही दाखवता येत नाही."

आज नूकराजू हळूच म्हणाला, "फणीबाबू, मोठं घेतलं तर?"

फणींद्रने बायकोला फोन लावला. कल्याणी वडिलांबद्दल म्हणाली, "नान्नांनी या घरात कधी लोणच्याची फोडसुद्धा मागून घेतली नाही. मोठंच आणा."

मोठं आलं. त्यासाठी डबाही मोठा घ्यावा लागला. रविवारी कल्याणीने मुद्दाम थोरल्या दिरांना जेवायला बोलावलं. नूकराजूने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला.

डब्यातले पंखे घरघरत होते. नायकाने कॉलर धरली आणि फणींद्रने चित्र थांबवलं.

पडद्यावर सदऱ्याची शिवणसुद्धा दिसत होती. पण यंत्राने प्रिंटवरचे डाग पुसताना वणही डागच समजून पुसून टाकले होते. साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत गालांचा कोणी परका तिथे उभा होता.

"हा?" थोरले दीर म्हणाले. "हा तर लग्नाच्या बाजारात हातोहात खपेल."

"मीच आहे तो," नूकराजू म्हणाला.

"वण मागाहून आले काय, मावय्या?" दिरांनी विचारलं.

"यंत्राने पुसले."

"भलतंच गुणी यंत्र. उद्या माझं टक्कलही झाकेल." दीर पोट धरून हसले.

फणींद्रने ती सोय बंद केली. पुन्हा तपकिरी डाग. "हा कोणीही असेल. मीसुद्धा." त्याने ती परत चालू केली. "आणि हा तर तुम्ही नक्की नाही."

नूकराजूने लेकीकडे पाहिलं. ती एकदा पडद्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत दोन चेहरे ताडून पाहत होती.

"जेवायला बसा," ती म्हणाली. "पुलुसू निवतोय."

पाहुणे गेल्यावर ती ताटं विसळत होती, तो पुसून ठेवत होता. पाठमोरीच तिने विचारलं, "नान्ना, रागावू नका. तुम्ही होता ना त्यात?"

नायकाच्या मुठीचा घामट वास, दिव्यांची धग, गळ्याशी काचलेला कॉलरचा काठ, सगळं त्याला अजून आठवत होतं. पण हे तिला पटवायचं कशाने? आणि तिलाच पटवावं लागत असेल, तर मग कोणासाठी?

"नव्हतो ग," तो म्हणाला.

तिने नळ बंद केला. "निदान मला तरी आधी सांगायचं. दिरांना बोलावलं नसतं."

त्याने हातातलं ताट कोरडं होऊनही पुसत ठेवलं.

पुढच्या आठवड्यात फणींद्रने मोठं कार्ड परत देऊन छोटं आणलं. कल्याणीने का ते विचारलं नाही.